गुणवत्ता आयात करता येते का? बिडदीचा अनुभव आणि बिडकीनसमोरचा धडा

बंगळुरू : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील बिडकीन औद्योगिक परिसरात मोटार कारखाना उभारण्यासाठी महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात ३१ जुलै २०२४ रोजी सामंजस्य करार झाला. सुमारे २० हजार कोटी रुपयांची ही प्रस्तावित गुंतवणूक जाहीर होताच चर्चा सुरू झाली ती जमीन, सवलती आणि रोजगाराच्या संख्येची. अशा प्रत्येक प्रकल्पामागे एक कमी चर्चिला जाणारा प्रश्न असतो. परदेशी कंपनीची यंत्रे जहाजातून येतात, आराखडे संगणकावरून येतात. पण त्या कंपनीची गुणवत्ता राखण्याची सवय कशी येते? ती येथील माणसांच्या हातात रुजावी यासाठी नेमके काय करावे लागते आणि ती कुठे अडते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. बंगळुरू–म्हैसूर महामार्गावरील बिडदी येथे याच कंपनीचा कारखाना १९९९ च्या अखेरीपासून सुरू आहे. एका देशातील कंपनीची गुणवत्ता-पद्धती दुसऱ्या देशातील कंपनीत नेण्याचा हा भारतातील सर्वांत दीर्घ आणि बोलक्या प्रयोगांपैकी एक आहे. त्यात यश आहे, तसेच संघर्षही आहे. दोन्हींचा विचार केल्यास एक बाब स्पष्ट होते. पद्धतीचे तंत्र काही महिन्यांत शिकवता येते; ते तंत्र ज्या विश्वासावर चालते तो विश्वास मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने उभारावा लागतो.

तपासणी आणि हमी यांतील फरक

कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू शेवटी तपासणे आणि सदोष वस्तू बाजूला काढणे म्हणजे गुणवत्ता, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही तपासणी झाली. तिच्यात दोष सापडतो, पण तो निर्माण होऊन गेलेला असतो आणि त्यावर कच्चा माल, वेळ व श्रम खर्च झालेले असतात. गुणवत्ता हमीचा विचार याच्या अगोदर सुरू होतो. दोष जिथे उत्पन्न होतो तिथेच तो ओळखावा, पुढील टप्प्यावर जाऊ देऊ नये आणि त्याचे मूळ कारण शोधून ते कायमचे दूर करावे, हा या विचाराचा गाभा आहे.

टोयोटाच्या पद्धतीत याला ‘जिदोका’ म्हणतात. या कल्पनेचा उगम मोटारीत नसून हातमाग-यंत्रमागाच्या जगात आहे. टोयोटा उद्योगसमूहाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग विकसित केला. त्यांचा १९२४ चा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग इतका सरस ठरला की, वस्त्रोद्योग यंत्रांत जगाचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिटनमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ मध्ये एक लाख पौंड देऊ करून त्याचे हक्क घेतले. माग स्वतः थांबत असल्याने प्रत्येक मागावर माणूस पहाऱ्याला ठेवण्याची गरज उरली नाही आणि तुटक्या धाग्याचे कापड विणले जाणेही थांबले.

मोटार कारखान्यात हेच तत्त्व माणसाच्या हाती देण्यात आले. जुळणी साखळीलगत एक दोरी किंवा बटण असते. आपल्या कामात काही चुकले, सुटा भाग नीट बसला नाही किंवा ठरलेल्या वेळेत काम पूर्ण होत नाही असे वाटले, की कामगाराने ती दोरी ओढायची. लगेच ‘अँडॉन’ नावाच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि गटप्रमुख धावून येतो. मोटार त्या टप्प्याची सीमा ओलांडेपर्यंत अडचण सुटली, तर साखळी सुरूच राहते. न सुटल्यास ती थांबते. साखळी थांबणे म्हणजे नुकसान, हे उघड आहे. तरीही तो अधिकार सर्वांत खालच्या पायरीवरील कामगाराकडे दिलेला असतो. टोयोटाच्या गुणवत्तेचे रहस्य सांगणारी पुस्तके अनेक आहेत. त्यांचे सार या एका दोरीत सामावले आहे.

दोरी ओढल्यानंतरचा टप्पाही तितकाच महत्त्वाचा. समजा, मोटारीच्या दारावर ओरखडा आढळला. ओरखडा का पडला? कामगाराच्या कमरपट्ट्याचे बक्कल घासले. का घासले? बक्कलावर आवरण नव्हते. का नव्हते? कामाच्या प्रमाणित सूचनेत त्याचा उल्लेख नव्हता. अशा रीतीने ‘का’ हा प्रश्न पुन:पुन्हा विचारत गेल्यास उत्तर व्यक्तीच्या दोषापाशी न थांबता व्यवस्थेतील उणिवेपर्यंत पोहोचते. ‘कोणी केले’ याऐवजी ‘कशामुळे झाले’ हे विचारण्याची ही शिस्त वरकरणी सोपी वाटते, पण ती कारखान्यातील अधिकाराच्या उतरंडीलाच हात घालते.

ज्ञान आले, पण रुजले कुठे?

गुणवत्तेचे शास्त्र हे मुळात अनेक देशांतून फिरलेले शास्त्र आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन समूहात काम करणारे वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. उत्पादनातील स्वाभाविक चढ-उतार कोणता आणि दखल घ्यावी असा बिघाड कोणता, हे संख्याशास्त्राच्या साह्याने ओळखण्याची ती रीत होती. श्यूहार्ट यांचे विचार पुढे नेणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमधील अभियंते आणि उद्योगप्रमुखांसमोर व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी जपानने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. जपानी उद्योगांनी त्या विचाराला स्वतःची जोड दिली. काओरू इशिकावा यांच्या पुढाकारातून १९६२ पासून ‘गुणवत्ता मंडळे’ सुरू झाली आणि संख्याशास्त्रज्ञांचे साधन कामगारांच्या हाती आले.

भारतात हे ज्ञान जपानच्याही आधी येऊन पोहोचले होते, हे फारसे सांगितले जात नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. त्यानंतर भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५० च्या दशकात मुंबई, बंगळुरू, कोलकाता अशा औद्योगिक शहरांत सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाचे कक्ष उघडले. मग जपानमध्ये जे घडले ते येथे तेव्हा का घडले नाही?

याचे मोठे कारण बाजारपेठेच्या रचनेत होते. स्कूटर किंवा मोटार नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारा ग्राहक मिळेल ती वस्तू घेत होता. परवाना असलेल्या उत्पादकाला स्पर्धा नव्हती, आयात जवळपास बंद होती. दोष कमी केल्याने कारखान्याचा फायदा होईल, अशी परिस्थिती नसेल तर नियंत्रण-आलेख भिंतीवर टांगून राहतो. जपानला मात्र नैसर्गिक साधनांच्या अभावी निर्यातीवर जगायचे होते आणि ‘जपानी माल म्हणजे हलका माल’ हा शिक्का पुसायचा होता. ज्ञान दोन्ही देशांकडे होते. गरज एकाकडे अधिक होती.

बंगळुरूने या काळातही परदेशी पद्धतींची देवाणघेवाण पाहिली. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्तान मशीन टूल्सची, अर्थात एचएमटीची, स्थापना झाली. याच कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. अचूक कामाची सवय असलेल्या कामगारांच्या पिढ्या या कारखान्यांनी घडवल्या. परंतु बदलत्या बाजारपेठेपुढे एचएमटीचा घड्याळ उद्योग टिकला नाही आणि २०१६ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. कारागिरीची गुणवत्ता उत्तम असूनही संस्थेने ग्राहकाकडे पाहणे थांबवले, तर ती कारागिरी एकटी उद्योग तारू शकत नाही, हा त्यातील बोध आहे.

दोन घराण्यांची भेट

१९९१ च्या उदारीकरणानंतर परिस्थिती पालटली. या पार्श्वभूमीवर किर्लोस्कर आणि टोयोडा ही दोन उद्योगघराणी एकत्र आली. दोन्हींच्या इतिहासात लक्षणीय साम्य आहे. साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा, तर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा १८६९ चा. एकाने मागापासून सुरुवात केली, दुसऱ्याने बेळगावात सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणरावांनी पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडामुळे जमीन नासेल अशी शंका असलेल्या शेतकऱ्यांना तो पटवून देण्यात त्यांची दोन वर्षे गेली. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. नवे अवजार नव्या मातीत रुजवणे किती चिकाटीचे काम असते, याचा अनुभव या घराण्याला आरंभापासूनच होता.

किर्लोस्करांचे कर्नाटकाशी नातेही जुने. हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर आणि बंगळुरूतील किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या १९४० च्या दशकातील आहेत. घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटा समूहाशी पहिली भागीदारी केली ती मोटारीत नव्हे, तर वस्त्रोद्योग यंत्रांत. बंगळुरूजवळ १९९५ मध्ये किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी ही कंपनी स्थापन झाली. म्हणजे जिदोकाची कल्पना ज्या क्षेत्रात जन्मली, त्याच क्षेत्राच्या वाटेने ती येथे आली. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. त्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्कर समूहाचा ११ टक्के. २००० च्या आरंभी ‘क्वालिस’ बाजारात आली. विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कंपनीचे उपाध्यक्ष होते.

बिडदीत पद्धती कशी पोहोचली

टोयोटाची परदेशात कारखाना उभारण्याची एक ठरलेली रीत आहे. नव्या कारखान्याला जपानमधील अनुभवी कारखान्याचा आधार मिळतो. तेथील प्रशिक्षक येथे येऊन राहतात आणि येथील गटप्रमुख तेथे जाऊन काम शिकतात. वर्गात बसून ऐकण्यापेक्षा हाताने करून पाहण्यावर भर असतो. बोल्ट किती जोराने आवळायचा, रंगाची फवारणी करताना हात कोणत्या वेगाने फिरवायचा, पॅनेलवरील सूक्ष्म उंचवटा बोटांनी कसा ओळखायचा, ही मूलभूत कौशल्ये सरावाच्या जागी पुन:पुन्हा गिरवली जातात. अनेक देशांत एकाच वेळी कारखाने वाढू लागल्यावर प्रत्येक ठिकाणी जपानी प्रशिक्षक पाठवणे अवघड झाले. म्हणून टोयोटाने २००३ मध्ये जपानमधील मोतोमाची कारखान्यात जागतिक प्रशिक्षण केंद्र उभारले आणि अनुभवी कामगारांच्या हातातील कसब चित्रफितींत व सोप्या सूचनांत बांधले.

बिडदीने यापुढे एक पाऊल टाकले. कारखान्याच्या आवारात २००७ मध्ये टोयोटा तांत्रिक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. कर्नाटकाच्या ग्रामीण भागातील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम, असे तिचे स्वरूप होते. वेल्डिंग, रंगकाम, जुळणी यांसोबत वेळ पाळणे, जागा स्वच्छ ठेवणे, अडचण वेळीच सांगणे या सवयींचे शिक्षण तेथे दिले जाते. एखादी पद्धती प्रौढ कामगाराला शिकवण्यापेक्षा किशोरवयातच अंगवळणी पाडावी, असा यामागचा विचार आहे.

मोटारीचे बहुसंख्य सुटे भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून येतात. त्यामुळे गुणवत्ता-पद्धती कारखान्याच्या कुंपणात राहून चालत नाही. टोयोटाचा भर भाग वेळेवर आणि लागेल तेवढेच मागवण्यावर असतो. गोदामात साठा नसताना सदोष भागांची एक खेप आली तरी साखळी ठप्प होते. साहजिकच पुरवठादारालाही तीच शिस्त शिकावी लागते. बिडदी येथेच २००२ मध्ये स्थापन झालेली टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्स ही कंपनी याचे ठळक उदाहरण आहे. २००४ मध्ये टोयोटाने अनेक देशांसाठी एका समान रचनेवरील वाहनांचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा डिझेल इंजिने थायलंडमधून, पेट्रोल इंजिने इंडोनेशियातून आणि हाताने बदलायचे गिअरबॉक्स भारतातून पुरवण्याची विभागणी झाली. बिडदीतील गिअरबॉक्सचा दोष आता दुसऱ्या देशातील साखळी थांबवू शकत होता. पद्धती उसनी घेणारा कारखाना याच टप्प्यावर इतरांना हमी देणारा बनतो.

जिथे दोरी अडते

या सर्व यशानंतरही बिडदीचा इतिहास केवळ यशोगाथा नाही. जानेवारी २००६ मध्ये कामगारांवरील कारवाईवरून संप आणि टाळेबंदी झाली. मार्च २०१४ मध्ये वेतनवाटाघाटी फिसकटल्यावर दोन्ही प्रकल्पांत टाळेबंदी जाहीर झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याच्या निलंबनानंतर ठिय्या आंदोलन झाले, टाळेबंदी लागू झाली, राज्य सरकारने हस्तक्षेप केला आणि वाद पुढील वर्षापर्यंत चालला. कामाचा ताण अवाजवी वाढल्याची कामगार संघटनेची तक्रार होती. तर बेशिस्त आणि नियमभंग हे कारण असल्याचे व्यवस्थापनाचे म्हणणे होते.

या वादाचे तांत्रिक मूळ समजून घेण्यासाठी ‘टॅक्ट’ ही कल्पना लक्षात घ्यावी लागते. पाळीतील उपलब्ध वेळेला आवश्यक मोटारींच्या संख्येने भागले की एका मोटारीमागील वेळ मिळतो. उदाहरणार्थ, ४५० मिनिटांच्या पाळीत १५० मोटारी हव्या असतील, तर दर तीन मिनिटांनी एक मोटार बाहेर पडली पाहिजे. प्रत्येक कामगाराचे काम त्या तीन मिनिटांत बसवलेले असते. मागणी वाढून १८० मोटारी हव्या झाल्या की हा वेळ अडीच मिनिटांवर येतो. मग एकतर कामाची फेरविभागणी करून माणसे वाढवावी लागतात, नाहीतर काम सोपे करणाऱ्या सुधारणा शोधाव्या लागतात. यांपैकी काहीच पुरेसे न झाल्यास तो अर्धा मिनिट कामगाराच्या शरीरातून वसूल होतो. सुधारणेसाठी वापरला जाणारा ‘काइझेन’ हा शब्द व्यवस्थापनाला वाचलेला वेळ वाटतो आणि कामगाराला वाढलेला भार, अशी दुभंगलेली स्थिती येथूनच निर्माण होते.

२०१४ च्या वादात हा पेच अत्यंत स्पष्टपणे समोर आला. काही कामगारांनी जाणीवपूर्वक उत्पादन साखळी थांबवल्याचा आणि पर्यवेक्षकांना धमकावल्याचा आरोप तेव्हा व्यवस्थापनाने केला. संघटनेने तो नाकारला. त्या आरोपाची शहानिशा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु गुणवत्तेच्या दृष्टीने त्यातील अर्थ गंभीर आहे. ज्या पद्धतीत साखळी थांबवणे हा कामगाराचा अधिकार आणि कर्तव्य मानले जाते, त्याच पद्धतीत तीच कृती तंट्याच्या काळात अपराध म्हणून पाहिली जाऊ लागते. दोरी तीच असते, फलकावरील दिवाही तोच. दोन्ही बाजूंचा एकमेकांच्या हेतूवर विश्वास असेल तर ती गुणवत्तेची हमी ठरते; विश्वास संपला की ती संशयाचे कारण बनते. हा विश्वास कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेतून आयात करता येत नाही.

याला सामाजिक बाजूही आहे. वरिष्ठासमोर आपली चूक उघड करणे हे आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत आणि कारखान्यांत धोक्याचे मानले जाते. घरात वडीलधाऱ्यांना आणि शाळेत गुरुजींना प्रश्न न विचारण्याची सवय असलेल्या तरुणाला ‘चूक दिसताच सर्वांसमोर दिवा लाव’ असे सांगणे सोपे. त्याने तो लावल्यावर त्याला रागावण्याऐवजी त्याचे आभार मानणे हे पर्यवेक्षकासाठी अधिक कठीण. पद्धतीच्या हस्तांतरणात प्रशिक्षणाचा बहुतांश खर्च कामगारावर होतो. प्रत्यक्षात सर्वाधिक बदल घडावा लागतो तो मधल्या फळीतील पर्यवेक्षकात.

अमेरिकेचा आणि जपानचाही अनुभव

हा पेच केवळ भारताचा नाही. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रिमाँटचा कारखाना बंद केला. गैरहजेरी, तंटे आणि सदोष मोटारी यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने संयुक्तपणे सुरू केला. बहुसंख्य कामगार जुनेच, संघटनाही तीच. कामगारांच्या गटांना जपानमधील कारखान्यात काम शिकण्यासाठी पाठवण्यात आले आणि पूर्वी ज्यांना साखळी थांबवण्यास सक्त मनाई होती, त्यांच्याच हाती दोरी देण्यात आली. थोड्याच काळात तेथील मोटारींची गुणवत्ता अमेरिकेत वाखाणली जाऊ लागली.

हीच पद्धती जनरल मोटर्सने त्याच राज्यातील आपल्या व्हॅन नाइस येथील कारखान्यात नेऊ पाहिली, तेव्हा मात्र ती रुजली नाही. तेथे साधने नेली गेली. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील जुना अविश्वास जागेवरच राहिला. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. एकाच देशात, एकाच कंपनीत, एकाच संघटनेसह एका ठिकाणी यश आणि दुसऱ्या ठिकाणी अपयश आले. राष्ट्रीय संस्कृतीला सर्व श्रेय किंवा दोष देणाऱ्या युक्तिवादाला या उदाहरणाने छेद दिला आहे.

मूळ कंपनीही निर्दोष असते असे नाही. परत मागवलेल्या लाखो मोटारींच्या प्रकरणात २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना अकिओ टोयोडा यांनी कंपनीच्या वाढीचा वेग माणसे घडवण्याच्या वेगापेक्षा अधिक झाल्याचे मान्य केले होते. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या शक्तीचाचणीत अनियमितता उघड झाली, तेव्हा भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या वाहनांचा पुरवठा काही काळ थांबवावा लागला. उगमस्थानीही शिस्त दररोज नव्याने राखावी लागते, याची ही आठवण होती.

कारखान्यातून संगणकापर्यंत

बंगळुरूत गुणवत्ता-पद्धतींचे स्थलांतर मोटारींपुरते मर्यादित राहिले नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने तेथील संरक्षण खात्याच्या गरजेतून ‘सीएमएम’ नावाचे पाच पातळ्यांचे मानक विकसित केले. मोटोरोलाचे बंगळुरूतील सॉफ्टवेअर केंद्र १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच पाचव्या पातळीवर पोहोचले. त्या वेळी जगात ही पातळी गाठणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे विप्रोसह अनेक भारतीय कंपन्यांनी ती गाठली. परदेशी ग्राहकाला अनोळखी देशातील अनोळखी कंपनीवर विश्वास ठेवण्यासाठी कागदोपत्री पुरावा हवा होता. तो या मानकाने पुरवला.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून सुरू झालेल्या विप्रोने २००४ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. टोयोटाची तत्त्वे सॉफ्टवेअर निर्मितीत आणण्याचा प्रयोग तिने सुरू केला. येथे अडचण वेगळी होती. मोटार डोळ्यांना दिसते, सॉफ्टवेअरमधील अर्धवट काम दिसत नाही. त्यामुळे कामाची स्थिती फलकावर दृश्य करणे, चूक लिहिली गेल्या दिवशीच शोधणे, अनुभवी व नवख्या अभियंत्यांचे काम परस्परांना दिसेल असे मांडणे, असे उपाय योजण्यात आले. ब्रॅडली स्टाट्स आणि डेव्हिड अप्टन या अभ्यासकांनी या प्रयोगाचा तपशीलवार अभ्यास केला. नव्या पद्धतीने चालवलेले प्रकल्प बहुतांश बाबतींत तुलनात्मक प्रकल्पांपेक्षा सरस आढळले. दोरी आणि दिवा यांची नक्कल न करता त्यामागील तत्त्व आपल्या कामाच्या भाषेत उतरवल्यामुळे हे साध्य झाले.

आज परदेशी कंपन्यांची सर्वाधिक जागतिक क्षमता केंद्रे याच शहरात आहेत. बँकांच्या प्रणालींपासून वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरपर्यंत अनेक उत्पादनांच्या चाचण्या येथे होतात. तीन दशकांपूर्वी बाहेरून पद्धती शिकणारे अभियंते आता इतर देशांतील सहकाऱ्यांना पद्धती शिकवू लागले आहेत.

बिडकीनने काय शिकावे

मराठवाड्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. छत्रपती संभाजीनगर परिसराला मोठ्या उद्योगांचा अनुभव आहे. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाच्या मोटारींची जुळणी होत आली आहे आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे लहान-मोठे उद्योग वाढले आहेत. शिवाय भारतीय उद्योग जागतिक दर्जाची पद्धती स्वतःची करू शकतात, हे अन्यत्र सिद्ध झाले आहे. सुंदरम-क्लेटनने १९९८ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळवला आणि मुंबई व नागपूर येथे कारखाने असलेल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये.

त्या अनुभवावर उभे राहताना बिडदीच्या वाटचालीतून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, कुशल मनुष्यबळाची तयारी कारखान्याची भिंत उभी राहण्याआधी सुरू झाली पाहिजे. बिडदीत उत्पादन सुरू झाल्यानंतर सात-आठ वर्षांनी प्रशिक्षण संस्था आली. मराठवाड्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा अभ्यासक्रम आणि कार्यशाळा आताच सुधारल्या, तर स्थानिक तरुण केवळ कंत्राटी कामापुरते मर्यादित राहणार नाहीत. दुसरी, लहान पुरवठादारांना वेळ आणि मार्गदर्शन हवे. दहा-वीस कामगारांच्या कार्यशाळेला दोषमुक्त पुरवठ्याची अट एकाएकी घातली, तर ती अट मोडण्यापेक्षा कागदावर खोटे आकडे भरण्याकडे तिचा कल होतो. पुरवठादारांचे गट करून त्यांना एकत्र शिकवण्याची रीत देशात यशस्वी ठरली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वस्त आहे. वेतन, कामाचा वेग आणि तक्रारींचे निवारण यांबाबत कामगार व व्यवस्थापन यांच्यात बोलण्याची खात्रीशीर व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी लागते. तंटा झाल्यावर ती उभी राहत नाही. टॅक्टमधील अर्धा मिनिट कमी करण्याचा निर्णय जिथे फलकावर आकडा बदलून कळवला जातो, तिथे कामगार दोष दाखवण्याऐवजी लपवू लागतो. तोच निर्णय जिथे चर्चेने होतो, तिथे दोरी ओढली जाते आणि ग्राहकापर्यंत सदोष मोटार पोहोचत नाही.

नवीन कारखान्याच्या गुणवत्तेची चौकशी करताना गुंतवणुकीचा आकडा आणि यंत्रमानवांची संख्या विचारली जाते. त्यासोबत आणखी एक साधा प्रश्न विचारायला हवा : नोकरीला लागून सहा महिने झालेला, कंत्राटावर असलेला तरुण कामगार साखळी थांबवू शकतो का, आणि थांबवल्यावर त्याचे काय होते? बिडकीनमध्ये या प्रश्नाचे जे उत्तर मिळेल, त्यावर तेथील गुणवत्ता किती काळ टिकेल हे बऱ्याच अंशी ठरेल.